दवंडी कुणी पिटायची?

नाना दुपारी साडेचारला घरातून बाहेर पडले. अंगात पांढरा सदरा, लेंगा, पायात चपला, हातात कापडी पिशवी. वॉचमनने त्यांना फाटकातून जाताना पाहिलं, पण रोज फेऱ्या मारायला उतरतात तसेच उतरले असतील म्हणून काही विचारलं नाही. वय ८१. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन तीन वर्षं झालेली. मुलीला ओळखायचे, पण कधी कधी तिलाच बहीण समजून बोलायचे. ती मुलगी, म्हणजे आमच्या शेजारची ताई, सव्वापाचला कामावरून आली तेव्हा दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

सहापर्यंत आम्ही दहा-बारा जण बाहेर पडलो होतो. कुणी कालव्याच्या कडेने, कुणी नदीपात्राकडे, कुणी एकेक देऊळ पालथं घालत. सव्वासहाला ताईच्या भाच्याने नानांचा फोटो, वर्णन आणि दोन मोबाईल नंबर घालून मेसेज तयार केला, खाली 'कृपया जास्तीत जास्त शेअर करा' असं लिहिलं आणि सोडून दिला. आठच्या आत न्यू जर्सीहून ताईच्या आतेभावाचा फोन आला, 'अगं, मामा हरवलेत?' पोलीस चौकीत मात्र उत्तर मिळालं होतं, म्हातारी माणसं येतात फिरून, रात्रीपर्यंत वाट बघा. मिसिंग दाखल व्हायला साडेनऊ वाजले.

नाना त्या वेळी घरापासून सहा किलोमीटरवर, स्वारगेटच्या एसटी स्टँडवर एका बाकावर बसले होते. साताऱ्याची गाडी लागायची वाट बघत. त्यांचं बालपण साताऱ्यात गेलेलं. तिथल्या एका चहावाल्याने त्यांना दोनदा चहा दिला, रात्री बिस्किटांचा पुडा दिला, गारठा वाढला तेव्हा स्वतःची चादर पांघरायला दिली. पहाटे कोल्हापूरहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरने त्यांना पाहिलं, मोबाईलवर आलेला फोटो काढून चेहरा पडताळला आणि ताईला फोन लावला. आम्ही पोचलो तेव्हा चहावाला तिला म्हणाला, 'मला वाटलं गाडी चुकली असंल बाबांची. कुणी शोधतंय हे माहीत असतं तर मी स्वतः रिक्षात घालून आणलं असतं.'

त्याचं हे बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. रात्रभर माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. चांगुलपणात तो कुठेच कमी पडला नव्हता. त्याला फक्त माहीत नव्हतं. बातमी न्यू जर्सीला पोचली होती, बाकापासून वीस पावलांवर उभ्या असलेल्या माणसाकडे ती पोचलीच नाही.

हरवलेल्या माणसाच्या शोधात डोळ्यांची वानवा कधीच नसते. ज्याला शोधायचं असतं त्याला दिसत नाही आणि ज्याला दिसतं त्याला ठाऊक नसतं, या दोघांची गाठ पडत नाही, एवढीच अडचण असते. जुन्या काळी गावात ती गाठ घालून देणारी सोय होती. तिला दवंडी म्हणत. ती कोण पिटतोय आणि कुणाच्या हुकमाने पिटतोय हे गावाला ठाऊक असायचं. ती शिवेच्या आतच फिरायची. आणि ऐकण्यासाठी कुठल्या ग्रुपमध्ये असावं लागत नसे, अक्षरओळखही लागत नसे. आज आपल्याकडे दवंडीपेक्षा हजार पटींनी लांब जाणारी साधनं आहेत, पण हरवलेल्या माणसासाठी ती अधिकाराने वापरणारं कुणी नाही. ते काम आपण भाच्यांवर आणि फॉरवर्डवर सोडलं आहे. हे काम सरकारचं आहे आणि ते सरकारने अंगावर घेतलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. मात्र कुणासाठी दवंडी पिटायची, कुणासाठी मुळीच पिटायची नाही आणि ती मागे कशी घ्यायची, हे ठरवल्याशिवाय नव्हे.

साधन आहे याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे. जुलै २०२३ मध्ये एका सकाळी महाराष्ट्रात असंख्य लोकांचे मोबाईल एकाच वेळी मोठ्याने वाजले आणि पडद्यावर दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश झळकला. पुढच्या महिन्यांत असे संदेश आणखी काही वेळा आले. अनेकांना वाटलं फोन हॅक झाला. ती 'सेल ब्रॉडकास्ट' यंत्रणेची चाचणी होती. ही यंत्रणा एसएमएससारखी एकेका नंबरला मेसेज पाठवत नाही. ठरावीक भागातल्या मोबाईल टॉवरवरून संदेश सोडला जातो आणि त्या टॉवरच्या कक्षेत जेवढे फोन असतील त्यांच्यावर तो एकदम उमटतो. कुणाचा नंबर माहीत असावा लागत नाही, ग्रुप लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पूर, वादळ, वीज यांच्या इशाऱ्यांसाठी ती उभारलेली आहे. तिचा गुण असा की ती माणसाच्या नात्यागोत्याकडे पाहत नाही, तो आत्ता कुठे उभा आहे एवढंच पाहते. त्या संध्याकाळी नेमकं हेच हवं होतं. नानांच्या घरापासून सात-आठ किलोमीटरच्या परिघातल्या फोनवर चार ओळी आल्या असत्या, तर त्यांतला एक फोन त्या चहावाल्याच्या खिशातला असता.

हा विचार जगात नवा नाही. १३ जानेवारी १९९६ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, आर्लिंग्टन शहरात, अँबर हेगरमन ही नऊ वर्षांची मुलगी एका बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या आवारात सायकल चालवत होती. काळ्या पिकअप गाडीतून आलेल्या माणसाने तिला उचलून नेलं. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने ते पाहिलं आणि लगेच पोलिसांना फोन केला. म्हणजे साक्षीदार होता, गाडीचं वर्णन होतं, वेळ होता. नव्हती ती रस्त्यावरच्या हजारो गाडीवाल्यांना हे सांगायची सोय. चार दिवसांनी तिचा मृतदेह एका ओढ्यात मिळाला. खुनी आजवर सापडलेला नाही. त्या परिसरातल्या एका बाईने रेडिओ स्टेशनला फोन करून विचारलं की अशा वेळी कार्यक्रम थांबवून लोकांना का सांगू नये? त्यातून तिथल्या रेडिओवाल्यांनी आणि पोलिसांनी मिळून 'अँबर अलर्ट' सुरू केला. २००३ मध्ये संघराज्याच्या कायद्याने त्याला देशभर बळ दिलं. महामार्गांवरचे विजेरी फलक, टीव्ही, रेडिओ आणि पुढे मोबाईल, सगळं त्याला जोडलं गेलं.

घाई का, तर तिथल्या वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने अपहरण होऊन खून झालेल्या मुलांच्या प्रकरणांचा अभ्यास केला, त्यात सुमारे तीन चतुर्थांश मुलं पहिल्या तीन तासांतच मारली गेल्याचं दिसलं. हे प्रमाण खून झालेल्या मुलांपुरतं आहे, हरवलेल्या सगळ्या मुलांचं नाही. पण 'रात्रीपर्यंत वाट बघा' याचा अर्थ काय होऊ शकतो, हे त्यावरून कळतं.

अँबर अलर्टवर टीकाही झाली आहे आणि ती ऐकण्याजोगी आहे. नेवाडा विद्यापीठातले गुन्हेशास्त्रज्ञ टिमथी ग्रिफिन यांनी अलर्टच्या प्रकरणांची छाननी करून दाखवलं की 'यशस्वी' म्हणून मोजल्या गेलेल्या बऱ्याच प्रकरणांत मूल नेणारा आई, बाप किंवा नातेवाईक होता आणि मुलाच्या जिवाला धोका असल्याचं फारसं दिसत नव्हतं. खरोखर जिवावर बेतलेल्या प्रकरणांत अलर्ट निघेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. अशा व्यवस्थेला त्यांनी गुन्हे नियंत्रणाचं नाटक म्हटलं. मला ही टीका पटते, पण तिच्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. अनोळखी क्रूर माणूस मूल पळवून नेतो, या विरळ प्रसंगाभोवती ती सगळी व्यवस्था बांधली गेली. त्या प्रसंगात समोर लपणारा, पळणारा, दोन पावलं पुढे असणारा गुन्हेगार असतो. पण हरवलेल्या आणि धोक्यात असलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांच्या बाबतीत असा गुन्हेगार नसतोच. जत्रेत हात सुटलेलं पाच वर्षांचं पोर, नाव नीट सांगता न येणारा गतिमंद मुलगा, साताऱ्याची गाडी शोधणारे नाना. यांना कुणी लपवलेलं नसतं. ते उघड्यावर असतात, शेकडो लोकांना दिसत असतात. सार्वजनिक हाक सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ती इथे.

दक्षिण कोरियाने हे ओळखलं. जून २०२१ पासून तिथले पोलीस १८ वर्षांखालील मुलं, बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण हरवले तर त्या भागातल्या रहिवाशांच्या मोबाईलवर थेट संदेश पाठवतात. वय, उंची, बांधा, अंगावरचे कपडे, खाली फोटोची लिंक आणि कळवायला १८२ हा नंबर. वाचताना आपल्या पोलिसांच्या जुन्या निवेदनांची आठवण येते: 'उंची ५ फूट ४ इंच, अंगाने सडपातळ, रंग गहुवर्णी, चेहरा उभट, नाक सरळ, अंगात पांढरा सदरा, नेसणीस लेंगा.' मजकूर तोच आहे. आपल्याकडे तो दोन दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बोटभर जागेत छापून येतो, तिथे तो त्याच संध्याकाळी हातात येतो.

जपानचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण त्यात माणसं जास्त आहेत आणि यंत्रं कमी. होक्काइडो बेटावरच्या कुशिरो शहरात १९९४ मध्ये पोलीस, नगरपालिका, टॅक्सीवाले, पेट्रोल पंप, रेडिओ यांना एकत्र गुंफून भटकत गेलेल्या वृद्धांसाठी शोधजाळं उभारलं गेलं. फुकुओका प्रांतातलं ओमुता हे जुनं कोळशाच्या खाणींचं शहर. तिथे दरवर्षी चक्क तालीम होत आली आहे. एक जण हरवलेल्या वृद्धाची भूमिका घेऊन शहरात फिरतो, लोकांना संदेश जातो आणि रस्त्यावरची माणसं त्याच्याजवळ जाऊन कसं बोलायचं याचा सराव करतात. समोरून यायचं, हळू बोलायचं, खांद्याला एकदम हात लावायचा नाही. एवढं करूनही जपानमध्ये २०२३ साली स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या १९,०३९ व्यक्ती बेपत्ता झाल्याची नोंद झाली. बहुतेक लवकर सापडल्या, पण पाचशेहून अधिक जणांचे मृतदेहच मिळाले.

भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पुण्या-मुंबईच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत एखादे तरी नाना आहेत.

आपल्याकडचा कायदा मुलांच्या बाबतीत बराच पुढे आला आहे, आणि तो फार मोठी किंमत मोजून आला आहे. दिल्लीला खेटून असलेल्या नोएडातल्या निठारी गावात डिसेंबर २००६ मध्ये नाल्यात मुलांचे सांगाडे सापडले. त्याआधी दीड-दोन वर्षं तिथले गरीब आईबाप तक्रारी घेऊन पोलिसांकडे खेटे घालत होते आणि त्यांना परत पाठवलं जात होतं. १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूल हरवल्याची तक्रार आली की ते अपहरण किंवा तस्करी आहे असं गृहीत धरून थेट गुन्हा नोंदवायचा. म्हणून आज अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर महाराष्ट्रात अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. चोवीस तास थांबा, असं कुठलाही कायदा सांगत नाही. तरी हे वाक्य अजून ऐकू येतं.

नानांसाठी मात्र असं गृहीतक नाही. ते प्रौढ आहेत, म्हणून त्यांची नोंद नुसती 'मिसिंग' म्हणून रजिस्टरला होते. गुन्हा नाही, म्हणून तपासाचा रेटा नाही. वय ८१ आणि आठवणीचं वय आठ, अशा माणसाला कायदा धडधाकट प्रौढाच्या रांगेत उभा करतो. स्मृतिभ्रंश, बौद्धिक अपंगत्व किंवा गंभीर मनोविकार असल्याचा साधा वैद्यकीय कागद दाखवला की शोधाची निकड मुलाइतकीच मानली जावी, ही माझी पहिली मागणी आहे. त्यासाठी नवं तंत्र लागत नाही, ठाणे अंमलदारासाठी एक स्पष्ट आदेश लागतो.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि तो मी टाळणार नाही. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजार भरलेला. मंगळवेढ्याकडून पोटासाठी हिंडत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. लोकांना मोबाईलवरून 'मूल हरवलंय, लक्ष ठेवा' असं सांगणं म्हणजे पुन्हा राईनपाडा घडवणं नव्हे काय, असं कुणी विचारलं तर त्याला मोडीत काढता येणार नाही.

पण त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची हकीगत लक्षात घेण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणारे दोघे त्यात दिसतात. ती मुळात कराचीत, हरवणाऱ्या मुलांबद्दल लोकांना जागं करण्यासाठी तयार केलेली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून फिरवला. चांगल्या हेतूचा संदेश बेवारस झाला की त्याचं काय होतं, ते यात दिसतं. त्याला मालक नाही, तारीख नाही, गाव नाही, शेवट नाही. राईनपाड्याला अधिकृत इशाऱ्याने बळी घेतले नाहीत. अधिकृत असं काहीच नव्हतं, त्या मोकळ्या जागेत अफवा शिरली. आज आपल्या भागात कुठलंही मूल हरवलेलं नाही, हेही सांगणारं कुणी असायला हवं, आणि लोक त्याचं तेव्हाच ऐकतील जेव्हा खरंच हरवल्यावर तोच आवाज ते सांगत असेल.

म्हणून संदेशात काय असू नये, हे मला काय असावं यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्यात संशयिताच्या चेहऱ्याचं, पेहरावाचं, जातीपातीचं, भाषेचं वर्णन अजिबात नको. 'भगवे कपडे घातलेले तिघे' किंवा 'बाहेरचे दिसणारे लोक' असलं एक वाक्य आपल्या देशात खून पाडू शकतं. पोलिसांनी खात्री केलेला गाडीचा नंबर असेल तर तो द्यावा, बस्स. बाकी सगळं वर्णन हरवलेल्या माणसाचं. आणि दर वेळी तीच शेवटची ओळ: कुणाला अडवू नका, ११२ वर कळवा.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. जुलै २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रात १८ वर्षांवरच्या १,७८,४०० स्त्रिया आणि १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद होती. हा आकडा सभांमधून भीती घालायला वारंवार वापरला जातो. ही नोंद बेपत्ता झाल्याची आहे, कधीच न सापडल्याची नाही. त्यातल्या अनेक जणी परत येतात. पण त्या रजिस्टरच्या पानावर कोण कोण एकाखाली एक लिहिलेलं असतं ते पाहा. नोकरीच्या आमिषाने नेऊन विकलेली मुलगी. नवऱ्याचा मार सहन न होऊन माहेरालाही न सांगता निघून गेलेली बाई. वेगळ्या जातीच्या मुलाशी लग्न करून पुण्याला खोली घेतलेली बावीस वर्षांची तरुणी, जिचे भाऊ आणि काका रोज चौकीत येऊन बसतात. तिघींच्या नावापुढे शब्द एकच, 'बेपत्ता'.

पहिलीसाठी दवंडी पिटली तर ती वाचू शकते. दुसरीसाठी किंवा तिसरीसाठी पिटली तर आपण अख्ख्या शहराला तिच्या मागावर सोडू. तिला धोका आहे तो शोधणाऱ्यांकडूनच आहे. 'सैराट' झालं म्हणून हळहळणारा समाजच तिचा फोटो पुढे ढकलेल आणि आपण पुण्य केलं असं समजेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलं आहे की दोन प्रौढ व्यक्तींच्या लग्नाला घराची, जातीची किंवा पंचायतीची संमती लागत नाही, आणि अशा जोडप्यांना संरक्षण व सुरक्षित निवारा देणं हे सरकारचं काम आहे. त्याच सरकारच्या यंत्रणेने त्यांचा पत्ता काढायला गाव कामाला लावावं, हे चालणार नाही.

तेव्हा माझ्या मते नियम कडक हवा. शुद्धीत असलेल्या, स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी, मग ती बाई असो की पुरुष, घरच्यांच्या सांगण्यावरून सार्वजनिक इशारा कधीही निघू नये. जबरदस्तीने गाडीत कोंबताना कुणी पाहिलं, खंडणीचा किंवा मदतीचा फोन आला, मरणाची चिठ्ठी मिळाली, असं पोलिसांच्या हाती स्वतंत्रपणे काही आलं तरच विचार व्हावा, आणि तोही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने. अशी बाई सापडली तर आधी तिला विचारायचं आणि तिची इच्छा नसेल तर घरच्यांना 'सुखरूप आहेत' या दोन शब्दांपलीकडे काही सांगायचं नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचं काय, या प्रश्नावर मी आजही पुरता ठाम नाही. कायद्याने त्या मुलं आहेत, त्यामुळे त्यांच्यामागे अपहरणाचा गुन्हा आपोआप दाखल होतो. त्यांतल्या काही प्रेमात पडून गेलेल्या असतात, काहींना त्याच प्रेमाच्या नावाखाली विकलेलं असतं, आणि पहिल्या दिवशी बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बालन्याय कायदा आणि पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) दोन्ही मुलाची ओळख उघड करायला मनाई करतात, तेही विनाकारण नाही. गावभर गेलेला फोटो परत बोलावता येत नाही आणि त्या मुलीला पुढची पन्नास वर्षं त्याच गावात काढायची असतात. मी इतकंच म्हणेन की या वयात पोलिसांनी शोध पूर्ण ताकदीने घ्यावा, मोबाईलचं लोकेशन, रेल्वे पोलीस, सीसीटीव्ही सगळं वापरावं, पण चेहरा चव्हाट्यावर आणण्याआधी धोक्याचं ठोस कारण कागदावर असावं.

तिसरा आक्षेप लोक कंटाळतील हा. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये, जिथे आपले बरेच लोक राहतात, अकरा वर्षांच्या मुलीसाठी रात्री साडेअकराच्या सुमारास अँबर अलर्ट निघाला. संदेश पाहून लोकांनी कळवलं, त्यावरून संशयित पकडला गेला, पण मुलगी वाचली नाही. आणि त्याच रात्री झोपमोड झाली म्हणून पोलिसांच्या आपत्कालीन नंबरवर तक्रारीचे फोन येत होते. वाचून संताप येतो, पण माणसाचा स्वभाव तसा आहे हे धरूनच रचना करावी लागते. इशारा जवळच्या टॉवरपुरता असावा, तासागणिक गरज पडली तर परीघ वाढवावा. मूल पळवल्याची खात्री असेल तर मोठा भोंगा, वृद्धांसाठी नुसता आवाज न करता येणारा संदेश. साऱ्या राज्याचे फोन वाजवायची कधीच गरज नाही. आणि निर्णय मंत्रालयात नेऊ नये. पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी ड्युटीवर असलेल्या अधिकाऱ्याला तो एका तासात घेता आला पाहिजे.

महाराष्ट्राला हे परकं नाही. पुणे, नाशिक, नगरकडच्या कितीतरी गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा वर्षानुवर्षं चालू आहे. एका टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या आवाजात घटना सांगायची, की परिसरातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांच्या फोनची घंटी वाजते आणि तो आवाज जसाच्या तसा ऐकू येतो. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, मूल हरवलं, सगळ्याला एकच नंबर. साध्या कीपॅडच्या फोनवरही चालतं, वाचता यावं लागत नाही. दवंडीचा हा सरळ वारसा आहे आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. शहरांमध्ये मात्र असं काही नाही. आषाढीला पंढरपुरात वाळवंटावर कान देऊन उभं राहा. परभणीच्या अमुक गावच्या आजीबाई इथे बसून आहेत, नातेवाइकांनी येऊन घेऊन जावं, असं कर्ण्यावरून तासन्‌तास चाललेलं असतं आणि माणसं खरंच येऊन घेऊन जातात. प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ मध्ये सुरू केलेलं भुले-भटके शिबिर याच कर्ण्याच्या जोरावर चाललं. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची पर्वणी आहे. गोदाघाटावर दर तासाला किती हात सुटतील याची कल्पना नाशिककरांना आहे. टॉवरपुरता इशारा देण्याची पद्धत बसवून पाहायला याहून योग्य ठिकाण आणि वेळ मला सुचत नाही.

आणि दवंडी मागे घेण्याची गोष्ट. ज्या यंत्रणेने 'हरवले' म्हणून सांगितलं तिनेच त्याच फोनवर 'सापडले' म्हणून सांगायचं आणि फोटोची लिंक त्या क्षणी बंद करायची. मी हे यादीच्या शेवटी लिहितोय, पण ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांना विचारा. नाना दुसऱ्या दिवशी पहाटे घरी आले. त्यांचा मेसेज मात्र घरी परतला नाही. तो फिरत राहिला. दोन महिन्यांनी कुणीतरी त्याला 'नाशिक' जोडलं, मग 'संभाजीनगर'. रात्री-अपरात्री ताईला अनोळखी माणसांचे फोन यायचे, बहुतेक काळजीने केलेले, काही पैसे मागणारे. गेल्या पावसाळ्यात नाना गेले, घरी, स्वतःच्या पलंगावर. तेराव्याच्या दिवशी मंडळी जेवत असताना ताईचा फोन वाजला. नागपूरहून एक बाई विचारत होत्या, 'ते आजोबा मिळाले का हो? आमच्या इथे मंदिरापाशी तसेच एक जण बसलेत.' ताईने त्यांना शांतपणे त्या आजोबांचं वर्णन विचारलं, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायला सांगितलं, १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर लिहून घ्यायला लावला. मग म्हणाली, 'आमचे सापडले. तुम्ही मात्र त्यांच्यापाशी थांबा, कुणी येईपर्यंत.'